अनुभव धागा: सोलापूरकरांनो, शेवटचं मत कधी दिलं आणि नंतर का सोडलं?

मिलचाळीतली
15 जानेवारीला पालिकेचं मतदान करून आले तेव्हापासून हे डोक्यात आहे. 2017 नंतर थेट आता 2026. मधे मार्च 2022 पासून प्रशासक, म्हणजे पाणी आलं नाही तर भांडायला सुद्धा दारात नगरसेवक नव्हता. संक्रांतीचा दुसरा दिवस, सिद्धेश्वरांच्या जत्रेचा गड्डा भरलेला, केंद्रावर शुकशुकाट. पोलिंगच्या मॅडम एकमेकींना तिळगुळ देत बसलेल्या. अ ब क ड अशी चार मतं, चौथं बटण दाबल्याशिवाय मशीन वाजतच नाही, माझ्या पुढच्या काकू तीन दाबून निघाल्या तर मॅडम "मावशी अजून एक, अजून एक" करत मागं धावल्या.

तिथं उभ्या उभ्या आमच्या चाळीतला मतदानाचा दिवस आठवला. आण्णा रात्रपाळी करून आलेले, केसात कापसाची तूस तशीच, आंघोळ न करता आधी मतदानाला. आई इरकल नेसून शेजारणींबरोबर. कुणी आणायला येत नव्हतं, उलट मतदानाच्या आधी महिनाभर कट्ट्यावर लाल बावटा की काँग्रेस यावरून रोज भांडणं, दोघं भाऊ एका ताटात जेवायचे नाहीत. मग मिल बंद पडली, देणी अडकली, पुढच्या निवडणुकीला आण्णा उठलेच नाहीत. आई म्हणाली चला की हो, तर म्हणाले, "कोण निवडून आला तर भोंगा वाजणाराय?" त्यानंतर ते कधीच गेले नाहीत. तसा माणूस पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचा बरं का.

तर लिहा. राजकीय पक्षाचा प्रचार नको प्लीज, स्वतःचं लिहा.

चावीवाल्याची_वाट
रात्री दोनला पाणी येतं. चार-पाच दिवसाआड. गल्लीच्या ग्रुपवर "आलं आलं" पडलं की सगळ्या बिल्डिंगचे लाईट लागतात आणि एकदम मोटरी सुरू. मतदानाच्या आदल्या रात्री पण आलं होतं, पहाटेपर्यंत हौद, बॅरल, पातेली, सगळं भरलं, धुणं पण उरकून घेतलं, मग झोपले ती दुपारी उठले. गेले नाही मतदानाला. कुणाला काय सांगायचं ते सांगा.

जुळेसोलापूर
@चावीवाल्याची_वाट आमच्याकडं तर वेळच नाही कधी पण येतं 😂 उजनी धरणातनं शहराला दुसरी पाईपलाईन, समांतर जलवाहिनी समांतर जलवाहिनी ऐकत ऐकत पोरगा इंजिनिअर झाला माझा

उजनीकाठ
करमाळ्याचा आहे. शहरवाल्यांनी पाण्यावर बोललं की आम्हाला राग येतो पण बोलतो. 1980 ला उजनी धरण झालं, आमच्या आज्याची जमीन त्यात गेली, एकूण साठा 117 टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. शहराला पाणी द्यायचं म्हणून नदीतनं पार औजच्या बंधाऱ्यापर्यंत सोडतात, वाटेत किती जिरतं किती मोटरी ओढतात देवाला माहीत. आणि 2021 मध्ये पाच टीएमसी इंदापूरला द्यायचा आदेश निघाला होता आठवतंय का? पालकमंत्री कुठले तर इंदापूरचेच. अख्खा जिल्हा पेटला तेव्हा कुठं आदेश रद्द झाला. मत देऊन जे होत नाही ते रस्त्यावर बसल्यावर महिन्याभरात झालं. मग माणसानं काय शिकायचं यातनं

शेंगाचटणी
पालकमंत्र्यांचं नाव काढलंच आहे तर, बाहेरचेच देतात आपल्याला. आंबेगावचे, मग कळवा-मुंब्र्याचे, मग इंदापूर, मग अहिल्यानगरचे, मग कोल्हापूरचे (ते पण कोथरूडवरनं आमदार), आता माणचे. जिल्हा आपला, मत आपलं, आणि डीपीसीचा (जिल्हा नियोजन समितीचा) पैसा वाटायला पाहुणे. 15 ऑगस्टला झेंडा फडकवायचा, आढावा घ्यायचा, कडक भाकरी शेंगा चटणीचं पार्सल घ्यायचं आणि सर्किट हाऊसवरनं गाडी पुण्याकडं

बाळीवेस_कट्टा
@शेंगाचटणी अर्धंच सांगायलास बे. 2014 ते 19 इथलेच होते, आणि एक नाही दोन मंत्री होते शहर-दक्षिणचे मिळून. त्याच्या आधी इथला माणूस मुख्यमंत्री होता 2003 ला, नंतर देशाचा गृहमंत्री. तेव्हा काय सोन्याची कौलं चढली का. बाहेरचा आतला हे सोडून दे

शेंगाचटणी
बरं ते पण खरं आहे. पण मग प्रश्न अजून वाईट होतो ना, आतला आला तरी तेच

बाळीवेस_कट्टा
तेच तर म्हणायलोय की

अहो_मास्तर
इलेक्शन ड्युटी भरपूर केल्यात म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. 2024 च्या लोकसभेला 7 मे, ऊन चाळीसच्या वर, शाळेच्या पत्र्याखाली आम्ही. सकाळी दहापर्यंत म्हातारे येतात, दुपारी माशा, संध्याकाळी पाचनंतर एकदम झुंबड, आणि ती झुंबड कुठून येते हे इथं सगळ्यांना माहीत आहे, लिहीत नाही. स्वतःहून चालत येणारा माणूस कमी होत गेलेला मी बघितला. पूर्वी नाव सापडलं नाही तर लोक टेबलावर हात आपटून भांडायचे. आता "नाही का, बरं" म्हणून जातात. ते "बरं" मला जास्त लागतं.

दुसरं, आपला जिल्हा नकाशात अडकलाय. 1994 ला वैधानिक विकास मंडळं झाली ती तीन, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण उर्वरित. अनुशेष म्हटलं की बोट विदर्भ मराठवाड्याकडं जातं आणि ते रास्तच आहे, पण आपल्या शेजारी धाराशिव, आपला पाऊस त्यांच्यासारखा, आपली पोरं त्यांच्याच रेल्वेत बसून पुण्याला जातात, आणि कागदावर मात्र आपण ऊस आणि कारखानेवाले सुखी पश्चिम महाराष्ट्र. सांगोला, मंगळवेढ्याला कोल्हापूरच्या रांगेत बसवलं की सरासरीत आमची तहान दिसतच नाही. ती मंडळं पण 2020 च्या एप्रिलला मुदत संपून गेली. कुणी आमच्यासाठी रडलं नाही कारण आम्ही त्या यादीत कधी नव्हतोच.

गड्डा_फॅन
मास्तर 🙏 लांबलं पण भारी

कुणी यंदाच्या गड्ड्यातला मोठा पाळणा केला का? तिकीट किती होतं

मिलचाळीतली
@गड्डा_फॅन विषय काय दादा 😄

विडी_घरकुल
आई विड्या वळते अजून. सूप मांडीवर, शेजारी भिजवलेली पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. हजारावर पैसे. आम्ही घरात तेलुगू बोलतो, मतदानाच्या आधी सगळ्या पार्ट्यांची माणसं येऊन आईशी मोडकं तेलुगू बोलतात आणि ती गेल्यावर ती आम्हाला त्यांची नक्कल करून दाखवते, पोट धरून हसतो. मतदानाची सुट्टी म्हणतात पण विडीला कसली सुट्टी, त्या दिवशी जेवढ्या कमी वळल्या तेवढे पैसे कमी, रांगेत दोन तास म्हणजे रोजातनं गेले. तरी ती जाते. दरवेळी. कुंभारीला घर मिळालं ते मोर्चे काढून मिळालं म्हणते, मोर्चाला जायचं आणि मताला नाही जायचं हे तिला पटतच नाही. आता रे नगर झालं तीस हजार घरांचं, जानेवारी 2024 ला पंतप्रधान आले होते चाव्या द्यायला, तेव्हा पण आई म्हणाली "उगीच नाही मिळालं, किती वर्षं पायपीट केली."

मी मात्र जात नाही. आई मला रोज बोलते. माझं कारण काही मोठं नाही, मला कंटाळा येतो.

सीमेवरचा
अक्कलकोट तालुका. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजार कर्नाटकात. पलीकडचा रस्ता गुळगुळीत, हद्द संपली की गाडी उड्या मारायला लागते, रात्री झोपेत पण कळतं महाराष्ट्र आला. 2022 च्या डिसेंबरला आमच्याकडच्या काही गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले तर कधी न बघितलेले साहेब गावात आले, चहा घेतला, नोटिसा पण आल्या. खरं सांगू, जायचं कुणालाच नव्हतं. पण मतदान केलं तर कुणी येत नाही, ठराव केला की गाड्यांची रांग. पोरं आता कुठलं पण काम अडलं की म्हणतात चला ठराव करूया 😂

मंगळवेढा_ज्वारी
@सीमेवरचा सेम. आमच्या पस्तीस गावांच्या पाण्यावर किती निवडणुका गेल्या मोजणं सोडलंय. बहिष्कार पण करून झाला. नारळ फोडायला मात्र प्रत्येकाला हौस, नारळाचंच पाणी साठवलं असतं तर ज्वारी भिजली असती

लांबोटी_पूल
सप्टेंबर 2025 ला सीनेला पाणी आलं तेव्हा लांबोटीला पुणे हायवेच बंद पडला. आमच्या मोहोळ तालुक्यात घरात चिखल, गोठ्यात चिखल, कडबा वाहून गेला. दुष्काळी दुष्काळी म्हणून आयुष्य काढलं आणि पुरानं बुडालो. नेते ट्रॅक्टरवर चढून आले, फोटो झाले. शेजारच्या आज्जी म्हणाल्या यांना आज मत मागायचं नाही तरी कसं काय आलेत. एवढंच लिहायचं होतं, जनावरांना पाणी दाखवायचंय

सहाची_हुतात्मा
मी पुण्यात. नाव सोलापूरच्या यादीत. शुक्रवारी संध्याकाळी पुणे स्टेशनवर सोलापूरच्या हुतात्मा एक्सप्रेसला उभं राहा, सगळा डबा "काय बे कुठं असतोस" करत भेटतो, आमच्या बॅचमधले सोलापुरात राहिलेले हाताच्या बोटावर. विधानसभेला नोव्हेंबर 2024 मध्ये बुधवार होता, सुट्टी होती पण गुरुवारी ऑफिस, मग कोण येतंय. एका पार्टीकडनं फोन आला होता, गाडीची सोय आहे, जेवण पण आहे. गेलो नाही.

पण राग कशाचा आहे सांगू का. विमानतळ. विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, त्याआधी त्या चिमणीवर किती निवडणुका, पाडा आणि पाडू नका दोन्हीवर मतं मागितली. होटगी रोडवरनं विमान उडालं कधी, तर 2025 च्या जूनला, गोव्याला. गोव्याला! मला घरी यायचंय, बीचवर नाही जायचं

जुळेसोलापूर
अरे नंतर मुंबई पण सुरू झालं की

सहाची_हुतात्मा
पुणे सोलापूर विमान कोण देणार, आपली हुतात्माच बरी

बोरामणी_माळ
आणि नव्या विमानतळासाठी बोरामणीची जमीन घेऊन ठेवलीये त्याचं काय, माळढोक बघतोय वाट विमानाची 🐦

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड
टॉवेलचा छोटा धंदा आहे, जास्त लिहीत नाही. चादरीला जीआय टॅग आहे आणि बाजारात "सोलापुरी" म्हणून विकली जाते ती कुठनं येते ते विचारू नका. आमदार खासदार कुणी पण आला की सत्काराला चादर देतो आपण. ते सोडून चादरीवर काही बोलणं झालेलं मी ऐकलेलं नाही. मत देतो मी, सवय म्हणून. यंदा मार्करनं शाई लावली, घरी येऊन रंगाचा डाग की शाईचा डाग बायकोला कळेना

माळशिरसकर
आमच्या मारकडवाडीचं कुणी लिहिलं नाही? डिसेंबर 2024 ला गावानं स्वतः मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायचं ठरवलं, पोलीस बंदोबस्त लागला आणि झालं नाही. बरोबर चूक बाजूला ठेवा. मला तेवढंच दिसलं की सगळे म्हणतात लोकांना मताचं काही पडलेलं नाही, आणि इथं लोक एकदा दिलेलं मत परत द्यायला तयार होते

बाळीवेस_कट्टा
@माळशिरसकर यावर सुरू झालं की धागा बंद पडेल भावा, नको

सांगोला_एसटी
आमच्याकडं उलटं होतं बघा. आबासाहेब, गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार. एसटीत दिसायचे. पाणी मिळालं का पूर्ण? नाही. पण माणूस भेटायचा, कामाचा कागद खिशातल्या कागदांत असायचा, म्हणून लोक मताला जायचे. 2021 ला गेले. आता नेते फक्त स्टेटसला भेटतात

चावीवाल्याची_वाट
मला दुपारपासून चार मेसेज आले की जायला पाहिजे होतं म्हणून. बाबांनो रात्री दोनला तुम्ही उठा माझ्याकडं, मी सकाळी सातला पहिली रांगेत उभी राहते

अहो_मास्तर
@चावीवाल्याची_वाट ताई तुमचं बरोबर आहे.

सहाची_हुतात्मा
मास्तर एक विचारायचं होतं. नाव पुण्याला शिफ्ट करावं म्हणतोय. इथं निदान सोसायटीचं पाणी टँकरवाल्यावर अवलंबून आहे ते नगरसेवकाला बोलता येईल. सोलापूरचं नाव काढायला कसंतरी होतंय पण

मिलचाळीतली
नको ना काढू 😕

बाळीवेस_कट्टा
काढ की. येत नाहीस तर यादी फुगवून काय करायलास. टक्केवारी काढताना तू पण धरला जातोस, मग म्हणतात सोलापूरकर झोपलेत

अहो_मास्तर
फॉर्म 8. पत्ता बदल त्यातच असतो, नवीन नावाला 6 असतो, तो भरू नका, दोन ठिकाणी नाव होईल. ऑनलाइन होतं. रहिवासाचा पुरावा पुण्याचा लागेल.

सहाची_हुतात्मा
आधारवर पत्ता अजून सोलापूरचाच आहे

विडी_घरकुल
मग आधी आधार बदल. नाहीतर राहू दे तसंच, आणि पुढच्या वेळी ये, आमच्याकडं जेव. आई म्हणतीये गाडीवाल्या पार्टीपेक्षा भाकरी बरी असते तिची