स्टेलार्कचा हातावरचा कान: ह्याला कला का म्हणायचं?

रेघोट्या:
स्टेलार्क नावाच्या ऑस्ट्रेलियन कलाकाराबद्दल वाचलं आणि ते डोक्यातून जातच नाहीये. ह्या माणसाने २००६ मध्ये सर्जरी करून डाव्या हातावर, कोपराच्या खाली, चक्क एक कान बसवून घेतला. सांगाडा कृत्रिम, पण त्याला बारीक छिद्रं असल्यामुळे स्वतःचं मांस आत वाढलं, रक्तवाहिन्या गेल्या, आता तो त्याच्या शरीराचाच भाग झालाय. मला चित्रं-शिल्पं थोडीफार कळतात, पण इथे कलाकृती नक्की कुठली, कान की माणूस? जाणकारांनी जरा उलगडून सांगा प्लीज.

कोपऱ्यातला_स्टुडिओ:
कान दिसतो म्हणून सगळे तिथेच अडकतात. मूळ आयडिया अशी की त्या कानाने त्याने स्वतः ऐकायचंच नाही, आत मायक्रोफोन, तो इंटरनेटला जोडलेला, म्हणजे दूर कुठेतरी बसलेल्या माणसाने त्याच्या हातातून ऐकायचं. मायक्रोफोन बसवून टेस्ट केला, चाललाही, पण इन्फेक्शन झालं आणि काढावा लागला.
त्याचं जुनं काम बघा. १९८० चा यांत्रिक तिसरा हात, उजव्या हाताला जोडलेला, पण हलतो पोटाच्या आणि पायाच्या स्नायूंच्या सिग्नलवर. इथे ताबा त्याचाच. मग १९९५ मध्ये उलटं केलं, हा लक्झेंबर्गमध्ये उभा आणि पॅरिस, हेलसिंकी, ॲमस्टरडॅमची माणसं टचस्क्रीनवरून त्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन त्याचे हातपाय हलवतायत. हात त्याचा, हालचाल भलत्याच कुणाची. माझ्या मते कलाकृती हीच, शरीराचा ताबा कुणाकडे हा प्रश्न तो बोलत नाही, अंगावर घेऊन दाखवतो.

मधुमालती:
मला नाही पटत हो. अंगात काहीतरी खुपसून घेणं हे धाडस झालं, ते बघून आपण दचकतो आणि दचकण्यालाच अनुभव समजतो. नील हार्बिसन ह्या कलाकाराचंही तेच, जन्मापासून रंग दिसत नाहीत म्हणून २००४ मध्ये कवटीत अँटेना बसवली, आता रंग ऐकू येतात. त्याच्यासाठी ते मोठंच आहे, मान्य, पण मला प्रेक्षक म्हणून त्यातलं काय मिळालं?

पाऊलवाट:
मधुमालती, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणूनच मून रिबासचं काम बघा असं सांगेन. ही नर्तिका, हार्बिसनचीच सहकारी, तिने दंडात सेन्सर बसवला होता, जगात कुठे भूकंप झाला की तिला दंडात कंप जाणवायचा. स्टेजवर येऊन ती नुसती थांबायची, भूकंप झाला की त्याच्या तीव्रतेप्रमाणे नाचायची, नाही झाला तर नाच नाही. इथे प्रेक्षकही तिच्याबरोबर वाट बघतो ना, आणि कसली वाट बघतोय हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

रेघोट्या:
कोपऱ्यातला_स्टुडिओ, ताब्याचा मुद्दा भिडला, त्या अंगाने विचारच केला नव्हता. पाऊलवाट, रिबासचं रेकॉर्डिंग कुठे पूर्ण बघायला मिळतं का? तुकड्यांत नको, ते थांबणं सलग बघायचंय.