धोका ठाऊक होता, फक्त खाणीत उतरणाऱ्यांना सांगितला नव्हता

टिटवी (धागाकर्ती)

अणुऊर्जा हवी की नको हा वाद आज बाजूला ठेवू. त्या विजेच्या आधी जमिनीतून जो दगड काढावा लागतो, आणि जो पुष्कळदा आदिवासींच्याच जमिनीखाली सापडतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

1944 ते 1986 या काळात अमेरिकेत नवाहो या आदिवासी लोकांच्या भूमीतून जवळपास 3 कोटी टन युरेनियम खनिज निघालं. 500 हून जास्त बेवारस खाणी तिथे आजही आहेत. 1971 पर्यंत या मालाचं गिऱ्हाईक एकच होतं, अमेरिकेचं सरकार. सुरुंग उडाला की धूळ खाली बसायच्या आत माणसं परत आत जात. तहान लागली की खडकातून झिरपणारं पाणी पीत. संध्याकाळी तेच धुळीचे कपडे अंगावर घेऊन घरी येत आणि बायका ते पोराबाळांच्या कपड्यांबरोबर धूत. खाणीच्या तोंडाशी पडलेले दगड बांधकामाला बरे दिसले म्हणून लोकांनी ते आणून घरं बांधली, पाव भाजायच्या भट्ट्या बांधल्या. कुणीही त्यांना अडवलं नाही.

माझा राग यापुढच्या गोष्टीवर आहे. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणकामगारांच्या छातीत कॅन्सरच्या गाठी होतात, हे डॉक्टरांनी 1879 मध्येच लिहून ठेवलं होतं. 1950 पासून अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा युरेनियम कामगारांच्या तपासण्या करत होती, खाणीतली हवा मोजत होती. पण कामगारांना धोक्याची कल्पना द्यायची नाही, या अटीवरच कंपन्यांनी तिला खाणीत येऊ दिलं होतं. ती अट पाळली गेली. म्हणजे माणूस तपासायचा, नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत खाली जाऊ द्यायचं.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे देते. 1969 ते 1993 या काळात फुफ्फुसाचा कॅन्सर झालेले 94 नवाहो पुरुष त्यात होते. त्यांतल्या 63 जणांनी युरेनियमच्या खाणीत काम केलं होतं. त्या समाजात सिगारेट ओढणारे फार कमी, त्यामुळे दुसरं कारण शोधायलाही जागा नाही.

भूमिगत

टिटवीताई, 22 वर्षं मी भूमिगत खाणींत हवेचं काम पाहिलं आहे, युरेनियमच्या नव्हे. नवाहोंचं तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि त्याचं समर्थन होऊच शकत नाही. तरीही 1950 ची खाण दाखवून आजच्या खाणीला दोषी ठरवू नका, एवढीच विनंती.

रेडॉन हा वायू खडकातून सतत सुटत असतो. श्वासाबरोबर तो आत जातो, तसाच बराचसा बाहेरही येतो. घात करतात ती त्याच्यापासून तयार होणारी पोलोनियमसारखी मूलद्रव्यं. ती धुळीला चिकटतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. हवा जितकी कोंडलेली, तितकी ती वाढत जातात. म्हणून हवा शिळी होऊ द्यायची नाही. मोठा पंखा, हवा हवी तिकडे वळवायला जाड कापडाचे पडदे आणि भोक पाडताना ड्रिलवर पाण्याची धार. मी रोज पाळीच्या सुरुवातीला तोंडावर, म्हणजे जिथे खडक फोडतात तिथे, हातात मीटर घेऊन उभा राहायचो. हवा कमी भरली तर काम बंद. यात गूढ काही नाही.

कॅनडातल्या उत्तर सस्कॅचवानमध्ये खनिज इतकं तीव्र आहे की जमीन गोठवून ते लांबूनच यंत्रांनी काढतात, माणूस त्याच्या जवळ जात नाही. त्या खाणींतले जवळपास निम्मे कामगार तिथलेच आदिवासी आहेत. त्यांचा पगार, त्यांची शिक्षणं यांचा हिशेब करणार की नाही? आणि ही वीज कोळशातून काढायची म्हटलं तर कोळसाही आदिवासींच्याच जमिनीखाली आहे.

टिटवी

दादा, तुमच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा पक्का झाला. पंखा, पडदे आणि पाणी. यातलं काहीच 1950 साली शोधायचं राहिलं नव्हतं, परवडत नव्हतं असंही नाही.

सह्यकडा

धागा एकांगी वाटला. झारखंडमधल्या जादुगोडा युरेनियम खाणीच्या परिसराचे फोटो सतत फिरतात, त्याबद्दल दुसरी बाजूही सांगा. 2007 मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने तिथल्या गावांत वंध्यत्व आणि जन्मजात व्यंगं जास्त असल्याचं सांगितलं, पण सरकारी तज्ज्ञांनी किरणोत्साराशी त्याचा संबंध नाकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये जादुगोडाबद्दलची याचिका फेटाळली. कॅनडातल्या डेलिने गावाचंही तेच. सरकार आणि गावकरी यांनी मिळून केलेल्या 2005 च्या अहवालात कॅन्सरचा युरेनियम खाणीशी संबंध ठामपणे जोडता आला नाही. भावना समजू शकतो, पण पुरावा लागतो. देशाला वीज लागते, संरक्षण लागतं. नुकसान झालं असेल तर भरपाई द्यावी आणि पुढे जावं.

गारवेल

सह्यकडा, डेलिनेचं नाव काढलंत म्हणून लिहिते. ते काहीशे लोकांचं गाव आहे. तिथले पुरुष ग्रेट बेअर तलावाकाठच्या पोर्ट रेडियम खाणीतून निघालेलं खनिज गोण्यांत भरून पाठीवरून बोटींवर चढवत. त्यांच्या अंगावर किती धूळ बसली याच्या नोंदी कुणी ठेवल्या? इतक्या लहान गावात, नोंदी नसताना, 50 वर्षांनी संख्याशास्त्र ठाम उत्तर देऊ शकत नाही, आणि त्या अहवालाची अडचण नेमकी हीच होती. 'संबंध जोडता आला नाही' याचा अर्थ तुम्ही 'संबंध नाही' असा लावताय.

त्या खाणीतलं युरेनियम अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात गेलं, हे त्या हमालांना माहीतच नव्हतं. कळल्यावर 1998 मध्ये डेलिनेच्या डेने लोकांचं शिष्टमंडळ हिरोशिमाला गेलं आणि तिथल्या लोकांची त्यांनी माफी मागितली. ज्यांनी गोण्या वाहिल्या त्यांच्या माणसांनी.

जादुगोडात तर मोजणारी आणि खाण चालवणारी यंत्रणा एकाच अणुऊर्जा विभागाखाली. न्यायालयासमोर शपथपत्रं त्याच बाजूने आली. स्वतंत्र तपासणीची मागणी तिथले संथाळ आणि हो लोक कधीपासून करतायत. पुरावा हवा असेल तर तो गोळा करण्यात आधी तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहा.

भूमिगत

हवेबद्दल मी ठाम आहे. गाळाबद्दल मात्र मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. जादुगोडाच्या खनिजात टनामागे एक किलोसुद्धा युरेनियम नसतं. बाकी सगळा दगड पिठासारखा दळून, आम्लाने धुऊन तलावात सोडायचा. मूळ खनिजातला सुमारे 85 टक्के किरणोत्सार त्या गाळात राहतो, कारण रेडियम आणि थोरियम तिथेच राहतात. रेडियम-226 निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. वरून मातीचं आवरण घालतात, बांध घालतात. पण 1600 वर्षं बांधाची देखभाल करेल अशी कंपनी मी पाहिलेली नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

टिटवी

तो बांध फुटतो तेव्हा काय होतं हे 16 जुलै 1979 ला न्यू मेक्सिकोत चर्च रॉकला दिसलं. सुमारे 1,100 टन गाळ आणि 35 कोटी लिटरहून जास्त आम्लयुक्त पाणी पुएर्को नदीत गेलं. त्या नदीवर नवाहोंची मेंढरं पाणी पीत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली होती. ती आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. चर्च रॉक किती जणांनी ऐकलंय?

जादुगोडात 2006 च्या डिसेंबरमध्ये गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि गाळ नाल्यात उतरला.

मृगजळ

संमतीचं काय? ऑस्ट्रेलियात 1976 च्या कायद्याने आदिवासींना आपल्या जमिनीवरची खाण नाकारायचा अधिकार दिला आणि त्याच कायद्यात रेंजर या युरेनियम खाणीला त्यातून वगळलं. तिथले मिरार आदिवासी नको म्हणत असताना ती खाण चालली. शेजारच्या जबिलुका खाणीला मात्र त्यांनी 1998 मध्ये इतका विरोध केला की पुढे 2005 मध्ये, तुमच्या संमतीशिवाय खाण करणार नाही, असं कंपनीला लिहून द्यावं लागलं. त्याच वर्षी नवाहोंनी आपल्या भूमीवर युरेनियम खाणींना बंदी घातली. आपल्याकडे मेघालयात स्पिलिटी लिंगडोह लांगरिन या खासी आजींनी आपली जमीन कितीही पैसे मिळाले तरी दिली नाही. 2020 मध्ये गेल्या, तोवर नाहीच म्हणत होत्या.

सह्यकडा

त्यांचा आदर आहे. पण एका घराच्या नकारावर राष्ट्राचं इंधन अडून राहावं, हे मला पटत नाही. भरपाई भरघोस आणि वेळेत द्या, हा माझा आग्रह कायम.

टिटवी

मग भरपाईचंच सांगते. अमेरिकेने 1990 मध्ये कायदा केला, माफीही मागितली. आजारी खाणकामगाराला, तो गेला असेल तर त्याच्या विधवेला, 1 लाख डॉलर. विधवेने लग्नाचा पुरावा जोडायचा. नवाहोंचं लग्न टोपलीतलं मक्याच्या पिठाचं मिश्रण दोघांनी एकमेकांबरोबर खाऊन, घरच्या माणसांसमोर लागतं. त्याचा कागद नसतो. 30-40 वर्षं ज्याचे कपडे धुतले त्याची आपण बायको होतो, हे त्या म्हाताऱ्या बायकांना कचेरीत सिद्ध करावं लागलं, तेही इंग्रजीत.

आणि 1971 नंतर खाणीत उतरलेल्यांना तर त्या कायद्यात जागाच नव्हती, कारण तोवर सरकारने खरेदी थांबवली होती. 1990 पर्यंतचे कामगार त्यात आले ते 2025 मध्ये.