फलक ४ – चिंतामणराव देशमुख – "कुलाबा"चं काय करायचं? (गुरुवारपर्यंत कळवा)

प्रेषक: प्रदर्शन समिती

नमस्कार मंडळी,

महाराष्ट्र दिनाच्या प्रदर्शनाचा फलक ४ छपाईवाल्याकडून परत आलाय. मथळा दोन ओळींतच बसवायचा आहे, तिसरी ओळ फोटोवर चढते. सध्याचा मजकूर:

बँकर ते खासदार : चिंतामणराव देशमुख
लोकसभा १९५२, मतदारसंघ कुलाबा

काल दोघांनी फोनवर सुचवलं की "मुंबई-कुलाबा" करा, म्हणजे इथल्या मुलांना पटकन कळेल. बदल करू का? गुरुवारी रात्री फाइल जाणार. शिवजयंतीच्या फलकांचं झालं तसं या वेळी नको.

---

प्रेषक: रोह्याच्या वहिनी

कृपा करून "मुंबई" घालू नका! हा कुलाबा म्हणजे कुलाबा जिल्हा. अलिबागचा, समुद्रातल्या किल्ल्याचा. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं, त्याआधीच्या सगळ्या कागदांवर कुलाबाच आहे. माझ्या आईच्या शाळेच्या दाखल्यावरही "जि. कुलाबा" आहे.

आणि ते आमच्या रोह्याचे. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं "आपले सी. डी." म्हणतात.

---

प्रेषक: महाडचे दादा

वहिनी, जन्म नाते गावचा, १४ जानेवारी १८९६. नाते महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याच्या वाटेवर. घराणं रोह्याचं हे मान्य, पण जन्मगाव आमचंच. फलकावर नात्याचं नाव यावं ही विनंती मी मार्चमध्येही केली होती.

---

प्रेषक: नाना

कुलाब्याचं तुम्ही ठरवा. माझी हरकत "बँकर"ला आहे. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली ९ कॅशला. काउंटर, कर्जवाटप, वसुली यातलं काही चिंतामणरावांनी केलं नाही. ते आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सनदी सेवेतले. १९१८ साली लंडनला त्या परीक्षेत पहिले आले, मग मध्य प्रांत-वऱ्हाडात अधिकारी. १९३९ साली रिझर्व्ह बँकेकडे आले, १९४१ला डेप्युटी गव्हर्नर, ऑगस्ट १९४३ला पहिले भारतीय गव्हर्नर. याला बँकर म्हणत नाहीत.

---

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

नाना, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे मी अडून बसणार. रिझर्व्ह बँक ही बँकांची बँक. फाळणीनंतर जून १९४८ अखेरपर्यंत पाकिस्तानचं चलनही तीच सांभाळत होती, आणि त्या खुर्चीवर हेच होते. १९४४ला ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय आर्थिक परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात होते. १ जानेवारी १९४९ला रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. मुलांना मी बँकरच सांगितलंय, त्यांची भाषणं पाठ झाली आहेत.

शिवाय फलकांचा मजकूर शाळा देणार आणि समिती छापणार, असं जानेवारीच्या सभेत ठरलं होतं. परस्पर बदल सुचवणाऱ्यांनी आधी मला विचारावं.

---

प्रेषक: नाना

ताई, मुलांचं पाठांतर मोडू नका. पण "रिझर्व्ह बँक ते लोकसभा" केलंत तर कुणाचंच खोटं होत नाही, अक्षरंही साधारण तेवढीच.

सासऱ्यांनी जपलेली दहाची नोट माझ्याकडे आहे. राजा सहावा जॉर्ज, खाली देशमुखांची सही. सासरे म्हणायचे, राजाच्या चित्राखाली आपल्या माणसाची सही पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती नोट मोडवेना. प्रदर्शनाला आणतो, पण काचेच्या पेटीत ठेवणार असाल तरच.

---

प्रेषक: खजिनदार

फलक ४च्या तळाशी "एलआयसीची स्थापना केली" असं आहे, ते बदला. आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम जानेवारी १९५६चा, तो अर्थमंत्री म्हणून त्यांचा. महामंडळ सुरू झालं सप्टेंबर १९५६ला, तोवर ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १ जुलै १९५५ला, ते मात्र नक्की त्यांच्या काळात.

काचेच्या पेटीचं भाडं अंदाजपत्रकात नाही. कुणाच्या घरी असेल तर सांगा.

---

प्रेषक: रोह्याच्या वहिनी

मुंबईचा मुद्दा बाजूला पडतोय म्हणून पुन्हा लिहिते. ही नुसती भूगोलाची चूक नाही हो.

१९५६च्या जानेवारीत ठरलं की मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, केंद्राच्या ताब्यात ठेवायची. त्याविरुद्धच्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली. त्या वेळी हे देशाचे अर्थमंत्री, १९५० पासून. जुलैमध्ये राजीनामा दिला. मंत्रिमंडळाला न विचारता हा निर्णय झाला, असं लोकसभेत पंतप्रधानांसमोर उभं राहून सांगितलं. त्यांचा मतदारसंघ मुंबईत नव्हता. कुलाबा जिल्हा तसाही महाराष्ट्रातच राहणार होता. मुंबईच्या मतांसाठी नाही सोडलं त्यांनी पद!

आता "मुंबई-कुलाबा" लिहिलंत तर मुलं म्हणतील, आपल्या मतदारसंघासाठी भांडला. ज्या माणसाने स्वतःचं काही पणाला नसताना अर्थखातं सोडलं, त्याला एका शब्दाने लहान करायचं? आणि तेही महाराष्ट्र दिनाच्या फलकावर? मला रात्रभर झोप नाही लागली.

---

प्रेषक: महाडचे दादा

वहिनी, शंभर टक्के बरोबर. नात्याचा हट्ट मी सोडतो. ती जागा "जि."ला द्या.

---

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

वहिनी, राजीनाम्यामागचा हा मतदारसंघाचा धागा मुलांच्या भाषणात नाहीये. शनिवारच्या तालमीला येऊन त्यांना सांगाल का? साडेदहाला या, अकराला लेझीमवाले हॉल घेतात. मथळ्यात नानांचं मला चालेल, मुलं बोलताना बँकरच म्हणतील.

---

प्रेषक: प्रदर्शन समिती

आत्ता बसवून पाहिलं:

रिझर्व्ह बँक ते लोकसभा : चिंतामणराव देशमुख
लोकसभा १९५२, जि. कुलाबा (आजचा रायगड)

दुसरी ओळ फोटोला किंचित टेकते. फोटो अर्धा इंच खाली घेतला, चष्मा पूर्ण दिसतोय. एलआयसीचं वाक्य खजिनदारांनी सांगितल्याप्रमाणे सुधारलं. फाइल आजच पाठवतोय.

नाना, माझ्याकडे घड्याळाची काचेची पेटी आहे, कुलूप लागतं. नोट मावेल का, मोजून सांगा.