‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द ग्रेपला सगळ्या फाइलींत का सापडत नाही?

करवीरचा लेखनिक

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे दप्तर सांभाळतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कार्यालयात शिरले आणि इतिवृत्तांच्या वह्या भिजल्या. त्यांतून जे वाचले ते आम्ही चार जणांनी आपापल्या घरच्या संगणकांवर टंकले आणि साध्या मजकुराच्या फाइलींच्या रूपाने एका उबुंटू (लिनक्स प्रणालीच्या) संगणकावर एकत्र केले. आता ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द ग्रेपने (मजकुरातला शब्द शोधणाऱ्या आज्ञेने) शोधला, तर तो ज्या फाइलींत डोळ्यांना स्पष्ट दिसतो त्यांपैकी कित्येक फाइली यादीत येतच नाहीत. शिवाय फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा असल्यामुळे फाइंडने (फाइली शोधणाऱ्या आज्ञेने) काढलेली यादी एक्सआर्ग्जकडे (यादीतली नावे दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या आज्ञेकडे) पाठवली की ‘सभा ठराव जून’ या एका नावाच्या तीन फाइली समजल्या जातात. एकाच ठरावाच्या दुबार प्रती आणि वर्षापेक्षा जुन्या फाइलीही बाजूला काढायच्या आहेत. पाणीपट्टीचा वाद निघाला की सभासद जुना ठराव मागायला येतात, त्यामुळे एकही फाइल गमावून चालणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

रंकाळाकाठ

लेखनिक साहेब, दोष ग्रेपचा नाही आणि तुमचाही नाही. तो आपल्या ‘ऱ्या’चा आहे. आज्ञा व पर्याय मी येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत टंकावेत.

‘शेतकऱ्यांचा’ यातला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१) आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) पहिल्याला ६ बाइट लागतात आणि दुसऱ्याला ९. तुम्ही चौघांनी वेगवेगळे कळफलक वापरले असतील, तर दोन्ही रूपे मिसळलेली असणारच. ग्रेप १९७३ पासून युनिक्समध्ये आहे आणि त्याचे काम साठवलेली चिन्हे जुळवण्याचे आहे. अक्षराचा आकार त्याला दिसत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराची समान रूपे एकच करण्याच्या प्रक्रियेनेही) हा भेद मिटत नाही, कारण साध्या रला खाली नुक्ता जोडून केलेला ऱ स्वतंत्र ऱ मध्ये मिळतो, पण जोडचिन्हाचे रूप तसेच राहते.

यावर दोन उपाय आहेत. तात्पुरता उपाय म्हणजे ‘शेतक’ एवढाच भाग शोधणे. मराठीत विभक्तीमुळे शब्दाची शेपटी सतत बदलत असल्याने ही सवय एरवीही उपयोगाची आहे. त्यातून ‘शेतकरी’ आणि ‘शेतकऱ्याला’ दोन्ही मिळतात. ग्रेपला -आर पर्याय दिला की तो उपनिर्देशिकांतही शोधतो, आणि छोट्या एलचा पर्याय दिला की फक्त फाइलींची नावे छापतो. कायमचा उपाय म्हणजे सेड (मजकुरात बदल करणारी आज्ञा) वापरून सर्व फाइलींतले जोडचिन्हाचे रूप स्वतंत्र ऱ च्या रूपात बदलून घेणे. तेव्हा -आय पर्यायाला .बाक असा प्रत्यय जोडावा, म्हणजे प्रत्येक मूळ फाइल त्या प्रत्ययासह शिल्लक राहते.

त्यानंतर मोठ्या एलचा पर्याय देऊन ‘शेतक’ ज्यांत मुळीच नाही अशा फाइलींची यादी काढा आणि त्यांवर ‘फाइल’ ही फाइलीचा प्रकार सांगणारी आज्ञा चालवा. काही यूटीएफ-१६ (साठवणीची दुसरी पद्धत) निघाल्या तर आयकॉन्व्ह या आज्ञेने यूटीएफ-८ करता येतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये टंकलेल्या निघाल्या, तर त्यांत देवनागरी अक्षरेच साठवलेली नसतात. त्यांना आधी त्या फॉण्टचा परिवर्तक लावावा लागेल.

जुना प्रशासक

मोकळ्या जागांसाठी फाइंडला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्जला -० द्यावे, म्हणजे दोन नावांमध्ये शून्य बाइट हा विभाजक धरला जातो. फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही येऊ शकते, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणून शून्य बाइट हाच खात्रीचा विभाजक आहे. -नेम पुढचा तारांकित नमुना अवतरणचिन्हांत लिहावा, नाहीतर शेल (टर्मिनलवर आज्ञा वाचणारा कार्यक्रम) तो आधीच उलगडून टाकतो.

जुन्या फाइलींसाठी फाइंडची -एमटाइम +३६५ (३६५ दिवसांपूर्वी बदललेल्या फाइली) ही अट सुचवण्याआधी मला एक विचारायचे आहे: एकत्र करताना साधे सीपी (नक्कल करणारी आज्ञा) वापरले होते का? तसे असल्यास सर्व फाइलींची तारीख नकलेच्या दिवसाची झाली असेल आणि ही अट निरुपयोगी ठरेल. पुढच्या वेळी सीपीला -पी द्यावे, म्हणजे मूळ तारीख कायम राहते.

आणि कळकळीने सांगतो, फाइंडचा -डिलीट हा फाइली पुसणारा पर्याय सध्या वापरूच नका. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतो, त्यामुळे -डिलीट जर -नेमच्या आधी लिहिला गेला तर नाव तपासण्यापूर्वीच सर्व काही पुसले जाते, आणि टर्मिनलवरून पुसलेले कचरापेटीत जात नाही. आधी -प्रिंटने यादी पाहावी, मग एमव्ही या आज्ञेने, तीही -एन देऊन, फाइली वेगळ्या निर्देशिकेत हलवाव्यात, म्हणजे त्याच नावाच्या फाइलीवर दुसरी लिहिली जात नाही.

रंकाळाकाठ

दुबार प्रतींसाठी शा२५६सम (प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून ६४ अक्षरांची ओळखखूण, म्हणजे ‘बेरीज’, काढणारी आज्ञा) चालवून निकाल सॉर्टकडे (क्रम लावणारी आज्ञा) आणि तेथून युनिककडे (लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखणारी आज्ञा) पाठवा. युनिकला -डब्ल्यू ६४ आणि मोठ्या डीचा पर्याय दिला की तो फक्त पहिली ६४ अक्षरे, म्हणजे नेमकी शा२५६ची बेरीज, ताडून पाहतो आणि जुळणाऱ्या सर्व फाइलींच्या ओळी छापतो. परंतु हे ‘ऱ्या’ एकरूप केल्यानंतरच करावे आणि .बाक फाइली यातून वगळाव्यात. एका प्रतीत एक जरी जोडचिन्ह अधिक असले तरी बेरीज पूर्ण वेगळी येते.

करवीरचा लेखनिक

दोघांचेही मनापासून आभार. साधे सीपीच वापरले होते, त्यामुळे सर्व तारखा एकाच दिवसाच्या निघाल्या. आता फाइलीच्या नावातल्या वर्षावरूनच विभागणी करतो. संपूर्ण निर्देशिकेची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून मग सेड चालवला आणि ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द, पूर्वी वगळलेल्या ज्या फाइली मी उघडून पाहिल्या त्या सर्वांत सापडला. मोठ्या एलच्या यादीत एका सहकाऱ्याची पूर्ण निर्देशिका आली. त्याने जुन्या फॉण्टमध्ये टंकले होते, तेव्हा उद्या त्याच्याकडून फॉण्टचे नाव विचारून घेतो.