रजया, स्वेटर आणि जुनी धोतरं

रजया-स्वेटर ठेवायला व्हॅक्यूम बॅगा घ्याव्यात का? रजयांसाठी तरी नकोच. मी दोन घेतल्या होत्या. एकीत चार महिन्यांत हवा शिरली, दुसरीत कापूस असा दबला की रजई पिंजाऱ्याकडे न्यावी लागली. झाली बचत!

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात राहतो. जानेवारीत हाडं गोठतात, मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणजे घरोघरी कपड्यांचे दोन संसार. होळी झाली की माझी आवराआवर सुरू. लोकरीचं काहीही न धुता ठेवायचं नाही. कसरीची अळी लोकर खातेच, पण घामाचा नि तेलाचा डाग तिला जास्त आवडतो. "एकदाच तर घातलाय" म्हणून तसाच ठेवलेला ब्लेझर मी कॉलरपाशी असाच घालवला. धुऊन, कडकडीत वाळवून, पूर्ण गार झाल्यावर जुन्या धोतरात गाठोडं बांधायचं आणि दिवाणात टाकायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर आतल्या आत कोंडते.

डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या वर ठेवा, त्यांची वाफ जड असते, खाली उतरते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र अजिबात नको.

दोन हिवाळे अंगाला न लागलेला स्वेटर मी देऊन टाकते. बोहारीण तीन स्वेटरांवर एक पातेलं देते, तेही घासाघीस करून!

आणि हो, चंदेरी साड्यांच्या घड्या दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवरच विरतात.