मांजरीला भुलीच्या इंजेक्शनने उलटी होते, आधी काय द्यावं? (नाशिक)

सिडकोकर: मनीचं शुक्रवारी ऑपरेशन आहे. मागे टाके घालताना गुंगीचं इंजेक्शन दिलं तर लगेच ओठ चाटायला लागली, लाळ गळायला लागली आणि मग अर्धवट गुंगीत मान ताणून पिवळा फेस काढला, जीव घाबरला नुसता. यावेळी तसं नको. काय देऊ? लवकर सांगा.

मांजरवेडी: ऑपरेशन कसलं? वय, वजन? इंजेक्शन कोणतं होतं?

गंगापूररोड: आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा देऊ नका. आमच्या लॅब्रॅडॉरला काही झालं नाही.

सिडकोकर: अहो उपाशीच होती तेव्हा, म्हणून तर विचारतोय. नसबंदी आहे. फाईलवर झायलाझीन लिहिलंय.

मांजरवेडी: मग बरोबर. मांजरात झायलाझीन मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावरच काम करतं, पोट रिकामं असलं तरी उमासे येतात. उपाशी ठेवायचं ते अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. पण धडधाकट मोठ्या मांजराला रात्रभर कशाला, तीन-चार तास पुरतात असं आता मानतात, पिल्लांना त्याहून कमी. पाणी राहू दे. तरी वेळ डॉक्टरांकडूनच घ्या.

पंचवटीचा_बंड्या: पाव अव्होमिन द्या, सप्तशृंगीचा घाट चढताना आम्ही तीच घेतो.

मांजरवेडी: बंड्याभाऊ, माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका हो! पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेसुद्धा मांजर जातं. डॉक्टरांना मारोपिटंटचं विचारा, उलटी थांबवणारं इंजेक्शन आहे, पण भुलीच्या तासभर तरी आधी द्यावं लागतं, सोबत टोचून उपयोग नाही. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं दुसरं औषध देणार असतील तर त्यानेही उलटी होते, जोडीला ब्युटॉरफॅनॉल हे वेदना कमी करणारं औषध असलं की प्रमाण कमी होतं.

नाशिकरोड_ताई: मांजरं केस गिळतात म्हणून उलट्या होतात, हेअरबॉलची पेस्ट आणा.

गंगापूररोड: घरातच असते ना? मग नसबंदी कशाला, एक वेत तरी होऊ द्या.

मांजरवेडी: वेत होऊन काही फायदा नसतो, उलट लवकर नसबंदी केली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो. आणि पिल्लं कोण सांभाळणार, तुम्ही?

गंगापूररोड: मी आपलं मत मांडलं. इथे बोलायची सोय नाही.

सिडकोकर: भांडू नका हो. वय दोन, वजन तीन किलो. डॉक्टरांना फोन केला, मारोपिटंट आहे म्हणाले, तासभर आधी घेऊन या. मागची उलटी त्यांच्या कागदावर नव्हतीच, आता लिहून घेतली. जेवण किती वाजेपर्यंत द्यायचं ते राहिलंच, संध्याकाळी परत फोन करतो.

नाशिकरोड_ताई: पेस्ट आणली का?