मदत हवी आहे: रोजच्या बोलण्यात फ्रेंच प्रश्न कसे विचारायचे?

नमस्कार मंडळी, फ्रान्समध्ये राहणाऱ्यांनी किंवा फ्रेंच शिकवणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करा. मी सध्या लियोंला असते. क्लासमध्ये एकाच प्रश्नाची तीन रूपं शिकवली आहेत. ‘कुठे चाललास?’ हे ‘ऊ व्हा-त्यू?’, ‘ऊ एस्क त्यू व्हा?’ किंवा नुसतं ‘त्यू व्हा ऊ?’ असं विचारता येतं. पुस्तकात भर पहिल्या रूपावर, क्रियापद आधी आणि कर्ता नंतर. पण शेजारीपाजारी, ट्राममध्ये, बाजारात तिसरंच कानावर येतं. भाजीवाल्याला सगळे ‘से कोंब्यां?’, म्हणजे ‘कितीला?’, म्हणतात.

मला तिसरं रूपच सोपं वाटतं. साधं वाक्य म्हणायचं आणि शेवटी सूर चढवायचा, आपण ‘जेवलास?’ म्हणतो तसंच. पण डॉक्टरकडे, मुलीच्या शाळेत किंवा प्रीफेक्त्यूरच्या (सरकारी कचेरीच्या) खिडकीशी ते उद्धट वाटेल का? तिथे आधी ‘बोंझूर’ म्हणून ‘एस्क’ लावलं तर पुरेसं होतं, की उलटा क्रमच बरा?

आणखी एक. पावच्या दुकानात ‘वू नावे पा द कार्त?’, म्हणजे ‘कार्ड नाहीये का?’, असं विचारलं आणि कार्ड असेल, तर उत्तर नेहमीचं ‘वी’ (हो) नाही, नकारार्थी प्रश्नाला लागणारं ‘सी’ (आहे ना!) द्यायचं असतं. नियम कळतो, पण घाईत तोंडातून ‘वी’च निघतं. याची सवय तुम्ही कशी लावून घेतली? घरी मुलीबरोबर करता येईल असा सराव असेल तर तोही सांगा. मनापासून आभार.